अध्यापन-साधनांचे आदानप्रदान

शिक्षकांनी वर्गात वापरलेल्या कल्पना, पाठांचे आराखडे, तक्ते, प्रतिकृती, प्रयोग, प्रश्नसंच व संगणकीय साधने परस्परांना उपलब्ध करून देण्याच्या, तसेच त्यांच्या वापरातून आलेला अनुभव इतरांपर्यंत पोहोचविण्याच्या प्रक्रियेस अध्यापन-साधनांचे आदानप्रदान म्हणतात. पूर्वी ही देवघेव शिक्षक-सभा, नियतकालिके व प्रशिक्षण-वर्ग यांच्या द्वारे होत असे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून आंतरजालामुळे तिचा वेग व व्याप्ती दोन्ही वाढली. माध्यम बदलले, तरी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र तोच राहिला आहे. साधन एका हातातून दुसऱ्या हातात सहज जाते. ते कोणत्या हेतूने, कोणत्या क्रमाने आणि मुलांच्या कोणत्या अडचणीसाठी योजले होते, हे ज्ञान तितक्या सहजतेने जात नाही.

स्वरूप : आदानप्रदानाचे विषय तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार प्रत्यक्ष साधनाचा होय, उदा., कागदाच्या पट्ट्या, नकाशा, चित्रफीत किंवा संगणकीय प्रतिरूप. दुसरा प्रकार पाठाच्या आराखड्याचा. त्यात उद्दिष्ट, वेळेची विभागणी, विचारावयाचे प्रश्न व मूल्यमापनाची रीत यांचा समावेश होतो. तिसरा प्रकार अनुभवाचा, म्हणजे पाठ घेताना मुलांनी दिलेली अनपेक्षित उत्तरे, फसलेले उदाहरण व त्यावर शोधलेला उपाय यांचा होय. तिसऱ्या प्रकारची नोंद सर्वांत कमी होते. वस्तुतः तीच सर्वांत उपयुक्त असते.

अपूर्णांकांचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. चारापेक्षा आठ मोठा असल्यामुळे १/४ पेक्षा १/८ मोठा असला पाहिजे, असे अनेक मुलांना वाटते. समान लांबीच्या कागदी पट्ट्यांना घड्या घालून हा समज दूर करता येतो. तथापि शिक्षकाने आरंभीच घड्या घालून उत्तर दाखविले, तर मुले ते पाठ करतात व मूळ समज तसाच राहतो. आधी अंदाज मागितला, तो फळ्यावर लिहिला आणि मग मुलांच्याच हातून घड्या घातल्या, तर अंदाज व अनुभव यांतील विसंगती त्यांना स्वतःला जाणवते. पट्टी तीच, तिच्याबरोबर ही सूचना गेली, तरच दुसऱ्या शिक्षकाला खरे साधन मिळाले असे म्हणता येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षकांसाठी निघालेल्या शालापत्रक या मासिकाचे संपादन कृष्णशास्त्री चिपळूणकर (१८२४–७८) व त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री (१८५०–८२) यांनी केले. खेडोपाडी एकट्याने शाळा चालविणाऱ्या शिक्षकाला बाहेरच्या विद्याविश्वाशी जोडणारा असा दुवा त्या काळी क्वचितच उपलब्ध होता.

शिक्षकांनी स्वतः संघटित केलेल्या देवघेवीचे ठळक उदाहरण फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने (१८९६–१९६६) यांच्या चळवळीत आढळते. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला झालेल्या जखमेमुळे त्यांना दीर्घकाळ बोलून शिकविणे कठीण जाई. दक्षिण फ्रान्समधील बार-स्यूर-लू या गावच्या शाळेत १९२४ मध्ये त्यांनी एक लहान मुद्रणयंत्र आणले. मुलांनी स्वतः लिहिलेला मजकूर मुलेच जुळवीत व छापीत. नंतर तो ब्रिटनी प्रांतातील त्रेगंक येथील शाळेला टपालाने पाठविला जाई आणि तेथील मुलांचा मजकूर इकडे येई. या पत्रव्यवहारातून शिक्षकांचे जाळे निर्माण झाले व १९२० नंतरच्या दशकातच त्याला सहकारी संस्थेचे रूप आले. मुद्रणसामग्री, स्वाध्याय-पत्रिका आणि १९३२ पासून निघालेल्या विषयवार पुस्तिका हे साहित्य शिक्षकच तयार करीत, वर्गात तपासून पाहत व सुधारीत. अध्यापन-साधने ही बाजारातून घ्यावयाची वस्तू नसून शिक्षकांच्या सहकाराची निर्मिती आहे, हा विचार या चळवळीने रुजविला.

भारतात गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) व ⇨ ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शिक्षणपत्रिका या नियतकालिकातून बालशिक्षणाचे नवे प्रयोग शिक्षक व पालक यांच्यापर्यंत पोहोचविले जात. माँटेसरी पद्धतीची परदेशी साधने महाग असल्याने ग्रामीण बालवाडीला ती परवडण्यासारखी नव्हती. बोर्डी येथे १९४५ मध्ये सुरू झालेल्या व १९५७ मध्ये कोसबाड येथे नेण्यात आलेल्या केंद्रात ताराबाई आणि ⇨ अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांसारख्या परिसरातील वस्तूंतून तीच तत्त्वे साधणारी साधने घडविली. दुसऱ्याची कल्पना जशीच्या तशी न उचलता स्थानिक परिस्थितीनुसार तिचे रूपांतर करणे, हे यशस्वी आदानप्रदानाचे लक्षण येथे स्पष्ट दिसते.

जपानमधील पाठ-अभ्यासाची परंपरा मेजी काळापासून (१८६८–१९१२) चालत आली आहे. तीत शिक्षकांचा एक गट अध्यापनातील एखादी अडचण निवडतो व तिच्यासाठी एक पाठ बारकाईने आखतो. गटातील एक शिक्षक तो पाठ प्रत्यक्ष घेतो. इतर वर्गात उपस्थित राहून शिक्षकाचे नव्हे, तर मुलांचे निरीक्षण करतात. पाठानंतरच्या चर्चेत कोणत्या प्रश्नाला मुले अडखळली, कोणत्या मुलाने वेगळी रीत शोधली यांचा विचार होतो व आराखडा सुधारून त्याचे टिपण इतर शाळांना उपलब्ध केले जाते. जेम्स स्टिग्लर व जेम्स हीबर्ट यांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे या पद्धतीकडे पाश्चात्त्य शिक्षणतज्ञांचे लक्ष वेधले गेले. इंग्लंडमध्ये १९६४ साली स्थापन झालेल्या स्कूल्स कौन्सिलने स्थानिक शिक्षक-केंद्रांना उत्तेजन दिले. या केंद्रांत परिसरातील शिक्षक शाळेनंतर एकत्र येऊन अभ्यासक्रमाची चर्चा व साहित्यनिर्मिती करीत.

होशंगाबाद विज्ञान-शिक्षण कार्यक्रम : शिक्षकांच्या सामूहिक अनुभवातून साधने कशी घडतात, याचे भारतातील महत्त्वाचे उदाहरण म्हणजे मध्य प्रदेशातील हा कार्यक्रम होय. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांत (इयत्ता सहावी ते आठवी) तो सुरू केला. १९७८ मध्ये तो सर्व जिल्ह्यात लागू झाला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली. विज्ञान हे प्रयोग करून शिकावयाचे, या तत्त्वावर त्याची उभारणी होती. बाल वैज्ञानिक ही कृतिपुस्तके, स्वस्त प्रयोगसाहित्याची पेटी आणि परिसरातील शाळांच्या शिक्षकांच्या मासिक बैठका ही त्याची मुख्य अंगे होत.

मासिक बैठकीत शिक्षक आपापल्या वर्गातील अडचणी मांडीत. एखादा प्रयोग ठरल्याप्रमाणे का होत नाही, मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, हे विषय तेथे खुलेपणाने चर्चिले जात. या चर्चांतून मिळालेल्या माहितीच्या आधारे कृतिपुस्तकांच्या पुढील आवृत्त्या सुधारल्या गेल्या. मुलांना आपले प्रश्न थेट पाठविता यावेत म्हणून ‘सवालीराम’ हे काल्पनिक पात्र योजण्यात आले होते. राज्यशासनाने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला. कृतिपुस्तके त्यानंतरही उपलब्ध राहिली. परंतु मासिक बैठकांची यंत्रणा शासकीय मान्यतेवाचून टिकू शकली नाही. साहित्याचे जतन करणे तुलनेने सोपे, शिक्षकांचे एकत्र येणे टिकविणे अवघड, हे त्यावरून दिसून येते.

याच कार्यक्रमात १९७८ च्या सुमारास सहभागी झालेले अभियंते अरविंद गुप्ता (१९५३– ) यांनी काड्यापेटीतील काड्या व सायकलच्या झडपेची रबरी नळी यांपासून भौमितिक आकृत्या बनविण्याची रीत विकसित केली. नळीच्या तुकड्यांनी जोडलेल्या तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच तिरपा होतो. पुलांच्या व छपरांच्या सांगाड्यांत त्रिकोण का योजतात, हे मुलाला काही पैशांच्या साहित्यातून कळते. पुढे गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केले आणि टाकाऊ वस्तूंपासून बनविलेल्या खेळण्यांच्या कृती, चित्रफिती व अनेक भाषांतील पुस्तके आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला. ग्रामीण शाळांतील प्रयोगांतून स्फुरलेली कल्पना आंतरजालामार्फत जगभर कशी जाऊ शकते, याचा हा उत्तम नमुना आहे.

आंतरजालाचा काळ : अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठातून १९९२ मध्ये सुरू झालेल्या आस्क-एरिक या सेवेत शिक्षक विद्युत्‌पत्राने प्रश्न विचारीत व त्यांना उत्तरे मिळत. सॅन डिएगो राज्य विद्यापीठातील बर्नी डॉज यांनी १९९५ मध्ये वेबक्वेस्ट हा पाठाचा नमुना मांडला. त्यात विद्यार्थ्यांना एक कार्य, निवडक संकेतस्थळे व पायऱ्या ठरवून दिलेल्या असतात. हा साचा सोपा असल्याने विविध विषयांच्या शिक्षकांनी तो आपल्या पाठांसाठी वापरला.

यानंतर केवळ आराखडेच नव्हे, तर वर्गात वापरता येणारी साधनेही आंतरजालावर आली. मार्कुस होहेनव्हार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात जिओजेब्रा ही गणितीय आज्ञावली तयार केली. तीत पडद्यावरील त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला असता कोन बदलत राहतात, पण त्यांची बेरीज १८०° च राहते. भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळविणारे कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात फेट हा प्रकल्प सुरू केला. त्यातील परस्परक्रियात्मक प्रतिरूपे मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य मिळतात. विद्युत्‌ मंडलाच्या प्रतिरूपाचा उपयोग येथे लक्षात घेण्याजोगा आहे. एकापुढे एक जोडलेल्या दोन दिव्यांपैकी पहिल्या दिव्यात प्रवाह काहीसा ‘खर्च’ होतो व दुसऱ्याला कमी मिळतो, अशी मुलांची सार्वत्रिक कल्पना असते. प्रत्यक्ष तारेत काय वाहते ते दिसत नाही. प्रतिरूपात मात्र विद्युत्‌भाराचे कण मंडलभर सारख्याच गतीने सरकताना दिसतात. तरीही मुलांच्या या समजाची शिक्षकाला पूर्वकल्पना नसेल, तर ते दृश्य एक मनोवेधक चित्र एवढेच उरते. या कारणाने फेटच्या संकेतस्थळावर प्रतिरूपांबरोबर जगभरच्या शिक्षकांनी लिहिलेले पाठही ठेवले जातात.

मुक्त परवाने : साधन दुसऱ्याला देता येणे व दुसऱ्याने ते बदलता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ अन्वये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेले पुनर्मुद्रण हे प्रताधिकाराचे, म्हणजे कॉपीराइटचे, उल्लंघन ठरत नाही. परंतु वर्गात वापरलेले दुसऱ्याचे चित्र सर्वांसाठी आंतरजालावर ठेवणे हे या सवलतीत बसेलच असे नाही. ही अडचण टाळण्यासाठी निर्मात्याने आपण होऊन वापराची मोकळीक जाहीर करण्याची पद्धत रूढ झाली. क्रिएटिव्ह कॉमन्स या २००१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने २००२ च्या अखेरीस अशा परवान्यांचे नमुने प्रसिद्ध केले. त्याच वर्षी युनेस्कोने भरविलेल्या परिषदेत ‘मुक्त शैक्षणिक साधने’ ही संज्ञा स्वीकारण्यात आली. डेव्हिड वाइली यांच्या विवेचनानुसार साधन जवळ ठेवणे, पुन्हा वापरणे, त्यात बदल करणे, ते इतरांशी जोडणे व पुढे देणे ही पाच स्वातंत्र्ये असतील, तरच ते खऱ्या अर्थाने मुक्त होय. युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने २५ नोव्हेंबर २०१९ रोजी या विषयावरील शिफारशी स्वीकारल्या. भाषांतर व स्थानिकीकरण यांसाठी बदल करण्याचे स्वातंत्र्य विशेष महत्त्वाचे असते. त्यावाचून परभाषेतील साधन मराठी माध्यमाच्या वर्गात केवळ पाहण्यापुरते उरते.

याच्या विरुद्ध दिशेची प्रवृत्तीही वाढली आहे. न्यूयॉर्कमधील एका शिक्षकाने २००६ मध्ये सुरू केलेल्या टीचर्स पे टीचर्स या बाजारपेठेत शिक्षक आपले साहित्य एकमेकांना विकतात. शिक्षकाच्या श्रमाला मोबदला मिळतो, ही तिची जमेची बाजू होय. मात्र विक्रीसाठी साहित्य आकर्षक असावे लागते. ते वर्गात कितपत उपयोगी पडले, याची परीक्षा मागे पडण्याचा संभव असतो.

भारतातील स्थिती : राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये मुक्त शैक्षणिक साधनांचे राष्ट्रीय भांडार सुरू केले. शिक्षकांसाठीच्या दीक्षा या राष्ट्रीय मंचाचे उद्‌घाटन ५ सप्टेंबर २०१७ रोजी झाले. पाठ्यपुस्तकांत छापलेल्या क्यूआर संकेतांमुळे पुस्तकातील घटकापासून थेट संबंधित चित्रफितीकडे किंवा स्वाध्यायाकडे जाता येते. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांतही हे संकेत आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. क्यूआर संकेतयुक्त पाठ्यपुस्तकांचे काम हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

राज्यातील प्राथमिक शाळांचे केंद्रवार गट केलेले असून केंद्रप्रमुखांच्या देखरेखीखाली शिक्षण परिषदा भरविल्या जातात. तत्त्वतः ही रचना समव्यावसायिकांच्या देवघेवीला अनुकूल आहे. परंतु परिपत्रकांचे वाचन व माहितीच्या तक्त्यांची पूर्तता यांतच वेळ संपला, तर परिषद नावापुरती उरते. भ्रमणध्वनीवरील शिक्षकांच्या गटांचीही तीच गत होते. त्यांत साहित्याचा ओघ मोठा असतो, पण ते कोणी तयार केले, कोणत्या इयत्तेत वापरले व परिणाम काय झाला, यांची नोंद सहसा नसते.

मर्यादा व धोके : कोविड-१९ च्या साथीत २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर ऑनलाइन साधनांवरील अवलंबन एकाएकी वाढले आणि विषमताही उघड झाली. ‘असर’ या पाहणीनुसार ग्रामीण भारतात स्मार्टफोन असलेल्या घरांतील शाळकरी मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२० मध्ये ते ६१.८ टक्के झाले. म्हणजे शाळा बंद असतानाही तिसऱ्या हिश्शाहून अधिक मुलांच्या घरी हे साधन नव्हते. घरात असलेला फोन मुलाच्या हाती येतोच असेही नाही.

दुसरा धोका अल्पायुष्याचा. एडमोडो हा २००८ मध्ये स्थापन झालेला व जगभर वापरला गेलेला शालेय मंच २२ सप्टेंबर २०२२ रोजी बंद झाला. गूगलचा जॅमबोर्ड हा सामायिक फळा ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाला. फ्लॅश या तंत्राचा आधार २०२० च्या अखेरीस काढून घेण्यात आल्यावर त्यावर बनविलेली असंख्य शैक्षणिक चलचित्रे निरुपयोगी झाली. फेटसारख्या प्रकल्पांना आपली प्रतिरूपे नव्या तंत्रात पुन्हा बनवावी लागली. त्यामुळे साहित्याची प्रत स्वतःजवळ व सर्वसामान्य स्वरूपात ठेवणे आवश्यक ठरते. विद्यार्थ्यांच्या माहितीची गोपनीयता हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली, २०२२ च्या अखेरीपासून प्रसार पावलेली साधने काही क्षणांत पाठाचा आराखडा लिहून देतात. यामुळे शिक्षकाचा लेखनश्रम वाचतो. परंतु असा आराखडा कोणत्याही वर्गात घेऊन पाहिलेला नसतो. त्यातील चुका ओळखण्यास विषयाचे व मुलांच्या विचारपद्धतीचे ज्ञान लागते, आणि ते ज्ञान पुन्हा अनुभवी सहकाऱ्यांच्या सहवासातूनच वाढते.

मूल्यमापन : फ्रेने यांचे मुद्रणयंत्र, कोसबाडचे शंख-शिंपले, होशंगाबादच्या बैठका व आजची प्रतिरूपे यांत तंत्राचे अंतर मोठे आहे. तथापि ज्या ठिकाणी आदानप्रदान फलदायी ठरले, तेथे काही बाबी समान आढळतात : साधन वापरणाऱ्याला ते बदलण्याची मुभा होती, त्यासोबत वर्गातील अनुभवाचे टिपण होते, अपयश सांगण्यात कमीपणा मानला जात नव्हता, आणि शिक्षकांना एकत्र बसण्यासाठी निश्चित वेळ व जागा होती. आंतरजालाने पहिल्या दोन गोष्टी सुकर केल्या आहेत. उरलेल्या दोन शाळेच्या व्यवस्थेवर आणि शिक्षकावर टाकलेल्या विश्वासावर अवलंबून आहेत. ज्या व्यवस्थेत शिक्षक हा केवळ तयार साहित्याचा वितरक मानला जातो, तेथे भांडारे वाढली तरी अध्यापन सुधारेलच असे नाही. शिक्षक हाच साधनांचा निर्माता, परीक्षक व संपादक आहे असे मानले, तर कागदाची एक पट्टीदेखील शेकडो वर्गांत उपयोगी पडू शकते.